गुरू, मुरीद आणि आपण



‘दिवाळीच्या सुट्टीत मी काय केले’ हा निबंध मी दरवर्षी मुलांकडून लिहून घेते. यंदा तो माझ्यावरच येऊन पडला आहे. या सुट्टीत मी आणि नववीत शिकणारी माझी लेक, अशा आम्ही दोघी इंडोनेशियाच्या राजधानीत, जकार्तात, नऊ दिवस राहून आलो. माझा धाकटा भाऊ तिथे एका कापड कंपनीत नोकरीला आहे. “आपा, एकदा तरी या,” असे तो चार वर्षांपासून म्हणत होता. यांना रजा मिळाली नाही, म्हणून घर त्यांच्यावर सोपवून आम्ही निघालो.

निघण्याआधीची एक गोष्ट आधी सांगते, कारण सामानाबरोबर तीही आमच्यासोबत आली होती. सप्टेंबरात लेकीने शाळेच्या मराठी वक्तृत्व स्पर्धेत पहिला नंबर मिळवला. बक्षीस देताना पाहुणे अगदी प्रेमाने म्हणाले, “मुसलमान असूनही तुम्ही किती शुद्ध मराठी बोलता!” टाळ्या पडल्या. पुढच्याच आठवड्यात एका वलीम्याच्या दावतीत नात्यातल्या एक खाला तिला म्हणाल्या, “घरातसुद्धा मराठीच बोलता? उर्दू शिकवणाऱ्या बाईची मुलगी ना तू?” लेक घरी आली आणि तालुक्याच्या फेरीतून आपले नाव काढून घ्यायला सांगितले. मी कारण विचारले. ती म्हणाली, “तिथे वाटतं मी पाहुणी, इथेही वाटतं मी पाहुणी. मग गप्पच बसलेलं बरं.” वीस वर्षे मी या दोन्ही भाषा शिकवते आहे. त्या दिवशी मला एकाही भाषेत उत्तर सुचले नाही.

जकार्तात उतरल्या उतरल्या पहिला धक्का पैशांचा. व्हिसा विमानतळावरच मिळतो आणि त्याची फी माणशी पाच लाख! लेकीचे डोळे पांढरे झाले. मग भावाने फोनवर हिशेब सांगितला. तिथले चलन रुपिया. आपल्या शंभर रुपयांचे अठरा-एकोणीस हजार रुपिया होतात, म्हणजे पाच लाख हे आपले पावणेतीन हजारांच्या आसपास. नऊ दिवस आम्ही लखपती होतो आणि चहाला हजारांच्या नोटा देत होतो.

शहर अवाढव्य आहे. खुद्द जकार्ताची वस्ती एक कोटीच्या वर, आणि आसपासची उपनगरे धरली तर तीन कोटींच्या घरात. सुदिरमान नावाच्या हमरस्त्यावर काचेच्या इमारती मान दुखेपर्यंत वर जातात. २०१९ पासून त्या रस्त्याखालून मेट्रो धावते. बससाठी रस्त्याची वेगळी पट्टी राखली आहे आणि तिकीट साडेतीन हजार रुपिया, आपले एकोणीस-वीस रुपये. बसमध्ये पुढचा भाग बायकांचा. मेट्रोच्या स्थानकावर आणि मॉलमध्ये नमाजची खोली असते. तिथे बायकांसाठी ‘मुकना’ टांगलेला असतो. हा डोक्यापासून पायापर्यंतचा नमाजचा सुती पोशाख. घालायचा, नमाज पढायची, पुन्हा टांगून ठेवायचा. बाजारात निघालेल्या बाईची असरची नमाज चुकू नये, याची सोय कुणीतरी आधीच करून ठेवली आहे हे पाहून मला फार बरे वाटले. तिथून किब्ला पश्चिमेकडून थोडा वायव्येला आहे, आणि आपला देशही साधारण त्याच अंगाला. नमाजला उभे राहिले की घराकडे तोंड केल्यासारखे वाटायचे.

वाहनांची कोंडी मात्र अशी, की आपले ठाणे-मुंब्रा परवडले.

लेकीने पहिल्याच दिवशी एक वही काढली. झाले असे की भावाच्या इमारतीच्या रखवालदाराने आम्हाला विचारले, “अपा कबर?” भाऊ म्हणाला, “कसे आहात, असं विचारतोय. ‘अपा’ म्हणजे काय, आणि ‘कबर’ म्हणजे खबर.” काय खबर! लेक हसली. मग न्हाणीघरात साबणाच्या पाकिटावर ‘साबुन’ दिसले. संसदेच्या पाटीवर ‘देवान’ आणि ‘रक्यात’ हे शब्द होते, म्हणजे आपले दिवाण आणि रयत. वेळेला ‘वक्तू’, जगाला ‘दुनिया’, खुर्चीला ‘कुर्सी’. सोमवार ‘सनिन’, गुरुवार ‘कमिस’, शुक्रवार ‘जुमात’. हे वार सरळ अरबीतून आलेले. आणि त्यांच्याच शेजारी ‘भाषा’ म्हणजे ‘बहासा’, पत्नी म्हणजे ‘इस्त्री’, नवरा म्हणजे ‘सुआमी’, माणूस म्हणजे ‘मनुसिया’. ग्रंथालयाला ‘पेर्पुस्तकाआन’ म्हणतात. मधला ‘पुस्तक’ ओळखू येतोच. हे राष्ट्रीय ग्रंथालय चोवीस मजल्यांचे आहे. वरच्या मजल्यावर उभे राहिले की समोरच्या मैदानात स्वातंत्र्याचे स्मारक दिसते. १३२ मीटर उंच, माथ्यावर सोन्याचा मुलामा दिलेली ज्योत. त्याचा आकार कशावरून घेतला आहे, ठाऊक आहे का? भात कांडायच्या उखळ-मुसळावरून.

या मैदानाच्या एका कोपऱ्यावर इस्तिकलाल मशीद आहे. इस्तिकलाल म्हणजे स्वातंत्र्य. उर्दूतही हा शब्द आहे. एका वेळी लाखाहून जास्त माणसे नमाज पढू शकतील एवढी ती मोठी. देश १९४५ साली स्वतंत्र झाला म्हणून घुमटाचा व्यास ४५ मीटर. तो बारा खांबांवर उभा आहे आणि आत पाच पातळ्या आहेत. वाचकांना या आकड्यांचे अर्थ सांगायला नकोत. राष्ट्राध्यक्ष सुकर्णो यांनी १९६१ साली पायाभरणी केली आणि काम पूर्ण होऊन मशीद खुली झाली ती १९७८ साली. तिचा आराखडा १९५५ सालच्या स्पर्धेतून निवडला होता. जिंकणारे वास्तुकार फ्रेडरिक सिलाबान ख्रिस्ती होते, एका पाद्र्याचे चिरंजीव. मी हे ऐकून थबकले. आजही कुणी तिथे त्यांचे नाव दबक्या आवाजात घेत नाही, अभिमानाने सांगतात.

रस्त्याच्या पलीकडे १९०१ सालचे कॅथेड्रल आहे. ईदला कॅथेड्रलच्या आवारात नमाजींच्या गाड्या उभ्या राहतात, नाताळला मशिदीच्या आवारात त्यांच्या. दोन्ही वास्तूंना जोडणारा एक भुयारी मार्गही आता झाला आहे. त्याचे नाव ‘सिलातुरहमी’ भुयार. सिलारहमी! नातेवाइकांशी संबंध तोडू नयेत, ही दीनची ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो. तो शब्द त्यांनी मशीद आणि चर्चमधल्या वाटेला दिला आहे. लेकीने वहीत लिहिले आणि विचारले, “अम्मी, शेजारी पण नातेवाईक असतात का?” मी म्हटले, “त्यांनी तसं धरलंय खरं.”

मशिदीत त्याच मोठ्या दालनात बायकांसाठी जागा आहे. वुजू करून, मुकना घालून आम्ही दोघी जोहरच्या नमाजला उभ्या राहिलो. माझ्या लेकीने एवढ्या मोठ्या जमातीत आयुष्यात पहिल्यांदा नमाज पढली. सलाम फेरल्यावर शेजारच्या अनोळखी बाईने दोन्ही हात पुढे करून तिचे हात हलकेच धरले. तिथली ती रीत आहे. लेक बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसली.

तिसऱ्या दिवशी आम्ही जुन्या शहरात गेलो. जकार्ताच्या नावाची कथा तिथे ऐकली. १५२७ साली फतहिल्लाह नावाच्या सरदाराने हे बंदर पोर्तुगिजांच्या हाती जाऊ दिले नाही आणि त्याला ‘जयकर्ता’ असे नाव दिले. सरदाराचे नाव अरबी, शहराचे नाव संस्कृत, आणि दोन्हींत विजयच. २२ जून हा शहराचा वाढदिवस म्हणून अजून पाळतात. पुढे १६१९ साली डचांनी ते जाळून बटाव्हिया वसवले. त्यांच्या काळातले नगरगृह, दगडी चौक, कालवे अजून आहेत आणि त्या चौकाला आता फतहिल्लाहचेच नाव आहे.

चौकाच्या कडेला ‘वायांग’ म्हणजे बाहुल्यांचे संग्रहालय आहे. चामड्याच्या आणि लाकडाच्या बाहुल्या. अर्जुन, भीम, राम. इस्लामचा प्रसार करणाऱ्या जावाच्या नऊ वलींपैकी काहींनी लोकांशी बोलण्यासाठी याच बाहुल्यांचा खेळ वापरला, असे तिथली परंपरा सांगते. शहराच्या मधोमध अर्जुनाच्या रथाचे भव्य शिल्प आहे आणि त्याच्यासमोर हिजाब घातलेल्या मुली फोटो काढतात. पूजा कुणी करत नाही. ती त्यांच्या पूर्वजांनी सांगितलेली गोष्ट आहे, एवढेच. सुकर्णो हे नावच महाभारतातल्या कर्णावरून ठेवलेले, आणि त्यांच्या राष्ट्राध्यक्ष झालेल्या मुलीचे नाव मेगावती सुकर्णोपुत्री. हे सगळे आपल्याकडे जसेच्या तसे आणावे असे मी म्हणत नाही. त्यांची माती वेगळी, आपली वेगळी. पण आपण कुठून आलो हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर अवघडलेपण नसते, ते मी पाहिले.

जवळच पकोजान नावाचा मोहल्ला आहे. ‘कोजा’ म्हणजे हिंदुस्थानातून आलेले मुसलमान व्यापारी. त्यांची वस्ती ती पकोजान. सतराव्या शतकात त्यांनी बांधलेली एक छोटी मशीद आत गल्लीत अजून आहे. पुढे तिथे अरब आले, मग चिनी आले. आज गल्लीत आपल्याकडचे कुणी दिसत नाही, पण शिलाईयंत्राचा आवाज आणि दारातली चपलांची रास पाहून चिपळूणच्या मोहल्ल्यात आल्यासारखे वाटले.

जुन्या बंदराचे नाव सुंदा कलापा. ‘कलापा’ म्हणजे नारळ. उंच नाकाची लाकडी गलबते तिथे अजून माल चढवतात. माझे माहेर साताऱ्याकडचे, पण लग्नानंतर कोकणात आले आणि नारळ-सुकटीची झाले. त्यामुळे चौकात कोळशाच्या शेगडीवर ‘करक तलोर’ करणाऱ्याजवळ मी मुक्कामच ठोकला. चिकट तांदूळ, अंडे, वाळवलेली कोलंबी, तळलेला कांदा आणि वरून भाजलेले खोबरे. एक बाजू झाली की तो कढई सरळ निखाऱ्यावर उपडी धरतो आणि पदार्थ पडत नाही! माझ्या सासूबाईंना हा प्रकार दाखवला असता तर त्यांनी त्याच संध्याकाळी घरी करून पाहिला असता.

आता शाळेकडे वळते. शिक्षिकेची सुट्टी शाळेशिवाय पुरी होत नाही. भावाच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. तिथे मोठ्या बाईला ‘इबू’ म्हणतात, म्हणजे आई. त्यांनी मला पहिल्या भेटीतच ‘बू गुरू’ अशी हाक मारली. गुरुजींची ती बाईमाणसासाठीची हाक. वीस वर्षांत मला टीचर, मॅडम, बाई, आपा सगळे म्हणून झाले. गुरू कुणी म्हटले नव्हते. मी विचारले, “आणि विद्यार्थ्याला काय म्हणता?” त्या म्हणाल्या, “मुरीद.” मी खुर्चीतून उठलेच. वर्गात शिकवणारा गुरू आणि शिकणारा मुरीद! एक शब्द संस्कृत, दुसरा अरबी, आणि दोघे एकाच फळ्यासमोर. नातवाच्या खोलीच्या दारावर तासांचे वेळापत्रक होते. त्यावर ‘जदवल’ लिहिलेले. परीक्षा पास झाल्यावर मिळते ते प्रमाणपत्र ‘इजाझा’. शाळेतला मुलगा ‘सिस्व’, म्हणजे शिष्य, आणि कॉलेजात गेला की ‘महासिस्व’.

गणपतीचे चित्र असलेली इंडोनेशियाची वीस हजारांची नोट आपल्याकडे मोबाइलवर फिरत असते. ती १९९८ ची नोट, आता चलनात नाही. पण त्या नोटेवरचा मुख्य चेहरा कुणाचा होता, हे कुणी सांगत नाही. तो एका शिक्षकाचा होता. की हजर देवांतरा हे त्यांचे नाव. डचांच्या राज्यात सामान्यांच्या मुलांना शाळा मिळत नव्हती तेव्हा १९२२ साली त्यांनी ‘तमन सिस्व’ ही शाळा काढली. शिक्षकाने पुढे असताना उदाहरण व्हावे, मध्ये असताना उमेद द्यावी आणि मागे राहून बळ द्यावे, अशी त्यांची शिकवण. २ मे हा त्यांचा जन्मदिवस तिथे शिक्षण दिन आहे.

आमच्या मुक्कामातच २८ ऑक्टोबर आला. १९२८ साली याच तारखेला जकार्तातल्या एका विद्यार्थी वसतिगृहात बेटाबेटांवरून आलेल्या तरुणांनी शपथ घेतली: एक देश, एक राष्ट्र आणि एकतेची एक भाषा. ते घर एका चिनी वंशाच्या गृहस्थाचे होते. आता तिथे संग्रहालय आहे. त्या तरुणांत सर्वांत मोठी संख्या जावाच्या भाषकांची असू शकली असती, पण त्यांनी देशासाठी जावाची भाषा निवडली नाही. बंदरांत आणि बाजारांत सगळे जण जी थोडी थोडी बोलत होते ती मलय भाषा घेतली आणि तिला इंडोनेशियाची भाषा म्हटले. मोठ्याने धाकट्यासाठी जागा सोडली. त्या शपथेत ‘पुत्र’ आणि ‘पुत्री’ हे शब्द आहेत.

तिथेच एक गंमत झाली. माझी भावजय उर्दू बोलणाऱ्या घरातली. ती म्हणाली, “आपा, या भाषेत मला एकच गोष्ट चार वर्षांत जमली नाही. ‘हम’ला दोन शब्द आहेत, ‘कामी’ आणि ‘किता’. कुठे कोणता वापरायचा कळतच नाही.” लेकीने दोन-तीन वाक्ये विचारून घेतली आणि एकदम म्हणाली, “मुमानी, सोपं आहे! समोरच्याला सोडून बोलायचं असेल तर ‘कामी’, म्हणजे ‘आम्ही’. समोरच्याला धरून बोलायचं तर ‘किता’, म्हणजे ‘आपण’. मराठीत आहे हे!” उर्दूत नाही, इंग्रजीत नाही, मराठीत आहे. सप्टेंबरानंतर मराठीबद्दल एवढ्या आनंदाने बोललेले ते तिचे पहिले वाक्य. मी काही बोलले नाही. शिक्षकाने कधी मागे राहावे, हे कालच शिकले होते.

मनाला लागलेली गोष्ट मात्र गुरुवारी घडली. शेजारच्या इबूंना आम्ही चहाला बोलावले होते. त्या आल्या, बसल्या, पण कप हातात घेतला नाही. म्हणाल्या, “साया पुआसा.” भावजयीने सांगितले, “त्यांचा रोजा आहे. सोमवार-गुरुवारचे नफील रोजे धरतात त्या.” पुआसा. मी शब्द दोनदा मनात घोळवला. उपवास! रोजाला त्या उपवास म्हणत होत्या. हज करून आलेली, पाच वक्त नमाज पढणारी बाई. मग मी एकेक विचारत गेले. जन्नतला काय म्हणता? ‘सुर्ग’. दोजखला? ‘नराक’. गुनाहला? ‘दोस’, म्हणजे दोष. सवाबला? ‘पहाला’, म्हणजे फळ. धर्माला? ‘आगम’. मी विचारले, “याला कुणी हरकत घेत नाही?” त्यांना प्रश्नच कळेना. भावजयीने दोनदा समजावून सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “माझ्या आईने हाच शब्द शिकवला. रोजा तर तोच आहे.”

माझी दादी साताऱ्याजवळच्या खेड्यात शेतावर राबली. रमजान भांगलणीत येवो की सुगीत, तिने तीस रोजे सोडले नाहीत. ती त्यांना ‘उपास’ म्हणायची. “आज माझा विसावा उपास हाय बघ.” मी तेव्हा नुकती बीएड झाले होते. उर्दू शिकले होते आणि ते दिसावे अशी घाई होती. एकदा इफ्तारला घरात पाहुणे होते. दादी काहीतरी सांगत होती आणि मी सर्वांसमोर तिला तोडले. “दादी, उपास त्यांचा असतो. आपला रोजा असतो. नीट बोलत जा.” दादी म्हणाली, “बरं बाई. तू शिकलीस.” त्यानंतर पाहुण्यांत बोलताना ती आधी माझ्याकडे बघायची. मग हळूहळू पाहुण्यांत बोलायचीच बंद झाली. दोन वर्षांनी ती अल्लाहला प्यारी झाली. तिचे रोजे मोजणारा अल्लाह आहे. त्याला तिचा शब्द कळत होता. न कळल्यासारखे मी केले.

त्या रात्री मी हे लेकीला सांगितले. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे तू पण त्या खालांसारखंच केलंस.” मी म्हटले, “हो.” दुसरे काही म्हणण्यासारखे नव्हतेच.

जकार्ता म्हणजे स्वर्ग नाही, हेही सांगायला हवे. जमिनीखालचे पाणी उपसून उपसून शहराचा उत्तर भाग खचतो आहे; काही ठिकाणी माणसाच्या उंचीहून जास्त खचला आहे. समुद्र थोपवायला भिंत घातली आहे, आणि त्या भिंतीच्या पलीकडे एक मशीद पाण्यात उभी आहे. अजान नाही, नमाजी नाहीत, आत लाटा. या आणि अशा कारणांनी सरकार दूर बोर्निओ बेटावर ‘नुसांतारा’ नावाची नवी राजधानी उभारत आहे. ग्लोडोक या चिनी वस्तीत १९९८ च्या मे महिन्यात दंगल झाली, दुकाने जळाली. शहरात तेव्हा शेकडो माणसे गेली. त्याआधी तीस वर्षे चिनी लोकांना आपले सण उघड्यावर साजरे करायलाही बंदी होती. म्हणजे सिलारहमीचा शब्द माहीत असून माणसे विसरतात, तिथेही आणि इथेही. ती बंदी २००० साली उठवली अब्दुर्रहमान वाहिद यांनी. ते राष्ट्राध्यक्ष होते, आणि त्याआधी तिथल्या उलेमांच्या सर्वांत मोठ्या संघटनेचे प्रमुख. दुसऱ्याला त्याची रीत आणि भाषा परत देणारा हा माणूस आलिम घराण्यातला होता.

आणि इबूंची तक्रार ऐकाल तर हसाल. “नातवंडांना जावाची भाषा येत नाही, आणि आता इंडोनेशियनमध्येही अर्धे इंग्रजी घालतात,” असे त्या म्हणत होत्या. चेहरा अगदी आपल्या घरातल्या आजीचा.

परत आल्यावर काही चमत्कार झाला नाही. तालुक्याची फेरी होऊन गेली होती. लेकीने त्याबद्दल विषय काढला नाही, मीही नाही. पण गेल्या रविवारी तिने माझ्या चुलत दादीला साताऱ्याला फोन लावला. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. तिने विचारले, “तुम्ही रोजाला काय म्हणायचा? सहरीला काय म्हणायचा? वारलेल्या माणसाबद्दल काय म्हणायचा?” पलीकडून आवाज आला, “कशाला गं, चुका काढायला?” लेक म्हणाली, “नाही, लिहून घ्यायला.” मग पाऊण तास फोन चालला. वहीची जी बाजू जकार्तात कोरी राहिली होती ती आता भरत चालली आहे.

त्या पाहुण्यांना आणि त्या खालांना मी काय उत्तर द्यावे, हे आता मला सुचले आहे. दोघांचा हेतू वाईट नव्हता. दोघांच्या वाक्यात फक्त ‘आपण’ नव्हते. ज्या भाषेत शेख महंमदांनी श्रीगोंद्यात लिहिले, ज्या भाषेत शाहीर अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी डफावर थाप मारली, तिथे आपण पाहुणे नाही. तिच्या दप्तरात, शाईत, कागदात, वकिलात आणि जिल्ह्यात आपल्या वडीलधाऱ्यांचे शब्द आधीच बसले आहेत. आणि उर्दू ही आपल्या घरातली दुसरी खोली आहे. एका खोलीत गेले म्हणून दुसरीला कुलूप लावायचे नसते.

नेहमीप्रमाणे शेवटी या महिन्याचा गृहपाठ. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. अल्लाह, रोजा, मौत, लग्न, शेत, स्वयंपाक यांसाठी ते जे शब्द वापरतात त्यांतले दहा शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. दुरुस्त करू नका. मुलांना लिहायला लावलेत तर उत्तम. आणि ज्यांची दादी-नानी आता नाही त्यांनी, माझ्यासारखे, तिच्यासाठी दुआ करा. ज्या शब्दांत ती करायची, त्याच शब्दांत.

अल्लाह आपणा सर्वांना समज देवो. आमीन.